पॉलिशकाकांना दम लागत नाही

पॉलिशकाकांना दम लागत नाही. खात्री करायची तर काकांनाच विचारा, वाटेतल्या दुकानदारांना विचारू नका.

काकांचा उभा जन्म कपाटं आणि दारं घासून त्यांना पॉलिश करण्यात गेला. लाकडाचा बारीक भुसा नाकातोंडात, थिनरचा वास डोक्यात, आणि तेवढं कमी पडत होतं म्हणून की काय, वर दिवसभर सिगारेट. शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. श्वासाच्या नळ्या कायमच्या आवळल्यात, हा आजार जाणार नाही, सांभाळावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काका घरी येऊन म्हणाले, "काही नाही, जरा कफ आहे." लाकडाची भेग पुट्टीने बुजवून वर पॉलिश मारली की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? काकूंना सगळं दिसत होतं, पण त्यांना शपथ घातलेली.

रस्त्यात धाप लागली की काका जवळच्या दुकानाच्या काचेपुढे थांबत आणि आतला माल निरखत. मग ते नळांचं दुकान असो की चष्म्यांचं. बायकांच्या चपलांच्या एका दुकानापुढे तर ते इतक्यांदा उभे राहिले, की दुकानदाराने बाहेर येऊन अदबीने विचारलं, "काकूंचा नंबर काय?" काकांपाशी बोलायला श्वासच नव्हता. त्यांनी तोंड वाकडं करून मान हलवली, म्हणजे माल पसंत नाही.

खरी मेख या चपलांच्या दुकानापाशीच होती. समोरच्या बिल्डिंगमध्ये लेक राहायची. तिने आपल्या पसंतीने लग्न ठरवलं तेव्हा काकांनी चार दिवस आदळआपट केली होती, मग सगळं निवळलं. पण लेक चौथ्या मजल्यावर राहायला गेली, लिफ्टचा पत्ता नाही, आणि काका एकदाही वर गेले नाहीत. विचारलं की म्हणत, "मी नाही कुणाकडे हेलपाटे घालणार. यायचं त्याने इकडे यावं." लेकीने काढायचा तो अर्थ काढला. बाबांचा राग गेलेला नाही! मग तिनेही येणं कमी केलं. खाण तशी माती.

काकांना हे कळत का नव्हतं? चांगलं कळत होतं, आणि आत तुटतही होतं. पण लेकीने 'बाबा रागीट आहेत' म्हटलेलं चालेल, 'बाबांना जिना चढवत नाही' असं म्हणू नये, हा त्यांचा बाणा. याला शहाणपण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

अशात इस्पितळात या आजाराच्या पेशंटांवर एक अभ्यास सुरू झाला. औषधाच्या जोडीला रोजचा व्यायाम आणि श्वास घेण्याची रीत शिकवली, तर माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो ते बघायचं होतं. काकांनी नाव दिलं. काम बघणाऱ्या नर्सताईंनी त्यांना यंत्रात फुंकायला लावलं. त्या फुंकरीने मेणबत्तीसुद्धा विझली नसती. मग प्रश्न सुरू झाले.

"जिना चढताना दम लागतो?"

"अजिबात नाही."

उत्तर अगदी खरं होतं. काका जिना चढतच नव्हते, तर दम लागेल कशाला!

"मनात आहे, पण श्वासामुळे जमत नाही, असं काही?"

"छे! सगळं झकास चाललंय."

ताईंनी यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "बरं, पुढच्या खेपेला सांगा," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला काकूंचा गुडघा सुजला होता, म्हणून लेक रजा टाकून बरोबर आली. कफाची तपासणी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. टॅक्सीत बापलेकीने फक्त हवापाण्यावर बोलून घेतलं. इस्पितळात ताईंनी काकांना लांबलचक कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. न थांबता किती चालवतं, ते मोजायचं होतं. अर्ध्या वाटेतच काका थांबले आणि भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

"काका, मागच्या खेपेलाही तुम्ही हाच वाचत होतात," ताई म्हणाल्या. "गरोदर बायकांनी काय खावं, त्याचा आहे."

"माहिती... असावी माणसाला."

लेकीला मात्र हसू आलं नाही. "थांबायची सवयच आहे त्यांना," ती ताईंना म्हणाली. "माझ्या घरासमोर येऊन चपलांच्या दुकानापाशी उभे राहतात. मी खिडकीतून बघते. प्रत्येक वेळी वाटतं, आज येतील. आणि हे चपला बघून परत जातात! इतका राग, की दारात येऊनही वर यावंसं वाटू नये?"

"कितव्या मजल्यावर राहता?" ताईंनी विचारलं.

"चौथ्या."

"लिफ्ट आहे?"

"नाही," लेक म्हणाली, आणि तिथेच थबकली. तिने वळून पाहिलं. काकांचा एक हात भिंतीवर होता, ओठ निळसर पडले होते, खांदे वरखाली होत होते. सगळं पॉलिश उडालं होतं.

"अगं वेडे," काका एकेक शब्द ओढत म्हणाले, "राग असता... तर रांगत वर आलो असतो... भांडायला."

लेकीला रडू कोसळलं. मग "सांगायला काय झालं होतं तुम्हाला!" म्हणून ती अशी कडाडली की पलीकडच्या खोलीतले पेशंट डोकावून गेले. मनात आहे पण जमत नाही असं काय, ते ताईंना आता काकांना विचारावं लागलं नाही.

पुढे काकांनी कुरकुरत का होईना, व्यायाम केला. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकले. काकूंनी एकदा त्याची हुबेहूब नक्कल केली, तर दिवसभर रुसून बसले. आणि एका रविवारी ते लेकीचा जिना चढले. तिने प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडून ठेवली होती, आणि प्रत्येक खुर्चीवर काका राजासारखे बसले. वर पोचल्यावर दारावरून हात फिरवून त्यांचं पहिलं वाक्य काय असावं?

"कुठल्या गाढवाने... केलंय हे पॉलिश?"

"मीच," जावई म्हणाला.

"हं. पहिल्या खेपेला... चालतं," काका म्हणाले, आणि जावयाच्या खांद्याला धरून आत गेले.

अभ्यास संपताना ताईंनी पुन्हा तेच प्रश्न काढले.

"जिना चढताना दम लागतो?"

"लागतो की!" काका छाती पुढे काढून म्हणाले. "चिक्कार लागतो. दर रविवारी लागतो."