मस्टरवरची सुनंदा

"या नावाची बाई आमच्याकडे कधी नव्हतीच, साहेब."

मॅनेजर खुर्चीत बसून बोलत होता. मी उभी. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता बसायची हिंमत तोवर माझ्यात नव्हती. टेबलापलीकडे सरकारी कामगार अधिकारी. टेबलावर कारखान्याचं मस्टर, म्हणजे हजेरीचं जाड पुस्तक. आणि टेबलाच्या कडेला टेकलेला माझा उजवा हात. दोन बोटं कमी.

अधिकाऱ्याने विचारलं, "मग हिची बोटं कुठे गेली?"

"गावाला विळीवर कापून घेतली असतील. ही माणसं गावाहून येतात आणि कंपनीच्या नावाने बोंब मारतात. नेहमीचं झालंय आता."

अधिकारी हसला नाही. पण त्याने लिहून घेतलं. 'गावाला विळीवर.' कागद माझ्याकडून उलटा होता, तरी मला वाचता आलं. मी दहावी पास होते. मॅनेजरला ते माहीत होतं.

माझं गाव कणकवलीकडचं. एक एसटी स्टँड, एक हायस्कूल, आणि एक कचेरी, जिथे गेलेला माणूस "उद्या ये" ऐकून परत येतो. वडील स्टँडवर हमाल. दहावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागत होता. वडील चार वेळा कचेरीत गेले, दरवेळी चप्पल बाहेर काढून. चारही वेळा "उद्या ये". पाचव्या खेपेला दाखला मिळाला, तेव्हा अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. वडील म्हणाले, "साहेबाचो काय दोष नाय. आपला नशीबच फुटका." मला राग आला. साहेबाचा नाही, वडिलांचा. त्या रागाची मला आजही लाज वाटते.

मग मुलुंडला मावशीकडे आले. डोंगराच्या अंगाला तिची एक खोली, त्यात आम्ही सहा जण. मावशीच्या नवऱ्याची गिरणी संपात बंद पडलेली. तो दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि मावशी सोसायट्यांमधून धुणीभांडी करायची. आठवड्याच्या आत मी कारखान्यात लागले. बाटल्यांची पत्र्याची झाकणं. पंचवीस-तीस बायका, बहुतेक आमच्याच बाजूच्या.

पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. वडिलांच्या नावासकट, शाळेत सांगतात तसं. मॅनेजरने हात वर करून थांबवलं. "तू वंदना. लक्षात ठेव." पाच महिन्यांनी म्हणाला, "उद्यापासून सुनंदा." वंदना आणि सुनंदा या खऱ्या बायका होत्या, काम सोडून गेलेल्या. मस्टरवर त्यांची नावं चालू ठेवायची आणि त्यांच्या रकान्यात आम्हाला बसवायचं, अशी तिथली पद्धत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. आमच्याकडे सोनुबाई हे नावही उसनं.

मी विचारलं होतं एकदा, असं का म्हणून. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "लग्नात बायकांचं नाव बदलतंच ना? ताटातल्या तांदळावर नवरा नवं नाव लिहितो ना? मग इथे सराव चाललाय समज."

आम्ही हसलो. मी पण हसले. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. मावशी माहेरी इंदू होती, सासरी सुहासिनी झाली. माझ्या आजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाईचं नाव पुसलं तर बोंब मारायची असते, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. डबे खाताना आम्ही एकमेकींना चिडवायचो, "काय गं, सध्या तू कोण?" एकच बाई सलग इतके महिने कामाला आहे असं कागदावर दिसू नये, म्हणून हा सगळा खेळ. सलग दिवस भरले की कामगाराला हक्क मिळतात. नाव बदललं की दिवस पुन्हा पहिल्यापासून. हे मला फार नंतर कळलं.

पत्रा दाबून झाकण कापणाऱ्या प्रेसच्या मशीनला एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की काम हळू होतं. म्हणून ती काढून कोपऱ्यात उभी केलेली. एका सकाळी दाब खाली आला आणि माझा हात वेळेवर निघाला नाही. आवाज फार मोठा झाला नाही. शेजारच्या मशीनवरची शकुंतला आधी ओरडली, मी नंतर.

रिक्षात मॅनेजर माझ्या शेजारी बसला. फडकं गुंडाळलेल्या हाताकडे बघत नव्हता. म्हणाला, "डॉक्टरला नाव सुनंदाच सांगायचं. मस्टरप्रमाणे. नाहीतर उपचार नाही मिळणार." मी सांगितलं. शुद्धीवर होते, रक्त गळत होतं, आणि मी दुसरीचं नाव आडनावासकट नीट सांगितलं. डॉक्टरच्या कागदावर तेच गेलं. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

जखम भरल्यावर कामावर गेले, तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "सुनंदा काम सोडून गेली. साहेबांनी सांगितलंय." मी घरी आले आणि तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. डाव्या हाताने. दोन दिवस लागले. खाली माझं नाव लिहिलं, खरं. म्हणून तर त्या दिवशी मॅनेजर म्हणू शकला, या नावाची बाई आमच्याकडे नव्हतीच.

'गावाला विळीवर' लिहून झाल्यावर अधिकारी चहाला बाहेर गेला. मॅनेजरने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. आवाज एकदम मऊ केला.

"सुनंदा म्हणून सही कर. राजीखुशीने काम सोडलं, एवढंच लिहिलंय. तुझ्या मावशीच्या हातात काहीतरी ठेवतो. नाहीतर काय, तू कुणीच नाहीस. कोर्टाला कागदावरचं माणूस लागतं, बाई."

माझ्यासोबत आलेली मावशी दारात उभी होती. तिने ऐकलं. "कर गो सही," ती म्हणाली. "आपल्यासारख्यांक कोर्टात कोण इचारता? घरात चूल पेटाक होयी."

ती खोटं बोलत नव्हती. दोन महिने मी तिच्या जिवावर जेवत होते. मी डाव्या हातात पेन घेतलं. मला भीती वाटत होती, आणि सही करून मोकळं व्हावं असं खरोखर वाटत होतं.

तेवढ्यात मावशीच्या पायांकडे लक्ष गेलं. तिने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. कचेरी म्हणजे काय देऊळ आहे? मॅनेजरच्या पायात बूट होते, आणि ते त्याने टेबलाखाली आरामात पसरले होते. मला वडिलांचे पाय दिसले. चार खेपांचे, भेगाळलेले. डोकं तापलं. इतके दिवस चुकीच्या माणसावर राग धरला होता मी.

पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढली. बसले.

अधिकारी परत आला, तेव्हा मी बसलेली होते. मी म्हणाले, "साहेब, मस्टर उघडा. ही सुनंदा मी आहे. मागच्या पानांवरची वंदना, तीही मीच. खरी सुनंदा दोन वर्षांपूर्वी लग्न करून चिपळूणला गेली. तिला बोलवा आणि तिची बोटं मोजा."

मॅनेजर म्हणाला, "काहीही बोलते ही."

बाकीच्या बायकांची नावं माझ्या ओठांवर होती. कोण कुणाच्या नावावर राबते, सगळं पाठ होतं. ती मी गिळली. त्यांच्या पोटावर पाय देण्याचा हक्क मला नव्हता.

अधिकाऱ्याने पानं चाळली. "पुरावा काय?"

"वंदनाची सही बघा आणि सुनंदाची बघा. अक्षर एकच आहे. माझं आहे."

त्याने दोन्ही सह्या बराच वेळ बघितल्या. मग कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दाखव."

ज्या हाताने सह्या केल्या होत्या तो हात टेबलावर होता. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, इतकं चांगलं अक्षर होतं त्या हाताचं. मॅनेजर हसला. मी डाव्या हाताने पेन उचललं आणि ना वंदना लिहिलं, ना सुनंदा. माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पहिलीतल्या पोरासारखं वाकडं आलं.

"हे जुळत नाही," अधिकारी म्हणाला. "पुढची तारीख देतो."

मावशीने चपला पायात सरकवल्या आणि माझ्या पुढे चालत घरी आली. मी वडिलांना पत्र टाकलं, माझ्या दहावीच्या वह्या पाठवा, सह्यांशी अक्षर ताडून बघू दे त्यांना. दुसरं पत्र चिपळूणला, खऱ्या सुनंदाला. आणि एक कोरी वही घेऊन दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिले.

पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याकडे न बघता गेल्या. दुसऱ्या दिवशीही. शकुंतला तेवढी थांबली. "मला काढलं तर पोरांना काय घालू?" म्हणाली. "मला माहीत नाही," मी म्हटलं. ती आत गेली.

तिसऱ्या दिवशी एक नवी मुलगी बाहेर आली, देवगडकडची. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेणी. मी विचारलं, "नाव काय तुझं?"

"सुनंदा."

मी हात पुढे केला. तिने बघितला. तोंडावरचा रंग उतरला तिच्या.

"ते नाव माझं होतं," मी म्हटलं. "तुझ्या आईने ठेवलेलं सांग."

ती फाटकाकडे बघत राहिली. वॉचमन आमच्याकडेच बघत होता. मग तिने हळूच सांगितलं, आणि मी वहीच्या पहिल्या ओळीवर डाव्या हाताने लिहून घेतलं. त्याखाली कामाला लागल्याचा दिवस. मागे कुणीतरी येऊन थांबलं होतं. शकुंतला होती. म्हणाली, "माझं पण लिही. पूर्ण लिही."

पुढच्या तारखेला मी ही वही नेणार. उद्या ये म्हणाले तर उद्या जाईन, परवा म्हणाले तर परवा. पण चपला घालूनच आत जाईन, आणि बोलायच्या आधी खुर्ची ओढून बसेन.