पोचल्याचा फोन

आमच्याकडे केरफरशीला येणाऱ्या मावशी दारात चपला काढतानाच निकाल देतात, "ताई, घर आहे का मंडई!" आम्ही दोघंही नोकरी करणारे, म्हणून ऐकून घेतो. खरं तर त्या यायच्या आत मीच धावपळ करून थोडं आवरते. त्यांना पुढे चार घरं असतात. कुणासाठी थांबत नाहीत. "पाय वर घ्या" म्हणतात, की झाडू आलाच.

लेक कोल्हापूरला होस्टेलवर निघाली, त्या सकाळी घरभर सुतळी, रद्दी, खोक्यांचे तुकडे पडले होते. तिची रिक्षा वळली आणि मावशी आल्या.

"आधी हे सगळं झाडून टाका, मला ऑफिस गाठायचंय," मी म्हटलं.

त्यांनी हातातला झाडू परत दारामागे ठेवला.

"पोर आत्ता बाहेर पडलीय. लगेच केर काढत नसतात. पोचल्याचा फोन येऊ दे."

संध्याकाळी ऑफिसातून आले, तर मावशी तीन जिने चढून दारात उभ्या.

"पोचली?"

"दुपारीच."

पण तोवर दिवे लागले होते, आणि दिवेलागणीलाही त्या केर काढत नाहीत. आत आल्या, सुतळी बाजूला सारून पसाऱ्यातच टेकल्या. मंडईचं नाव काढलं नाही.

"जेवली का काही?" एवढंच विचारलं.