नत्थूच्या तोंडचा जोहार

नत्थूला घरात बसवत नव्हतं. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत, उजवा पाय ओढत त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. बाहेर वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून मैदानाकडे निघाली होती. छप्पन सालचा हिवाळा होता. आज वडनेरला बौद्ध धम्माच्या दीक्षेचा कार्यक्रम होता.

"चाला ना," त्याची बायको तानाबाई म्हणाली. "काऊन घाण्याच्या बैलावानी फिरून राह्यले?"

"जोहार," नत्थू म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं, मी येत नाही.

आदल्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात वरून लोखंडी कप्पी सुटली आणि त्याच्या कपाळाच्या डाव्या बाजूला लागली. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ऐकलेलं मात्र सगळं समजायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी तानाबाईला समजावलं, कपाळाच्या मागे डावीकडे मेंदूचा एक लहानसा भाग शब्द जुळवून तोंडाला देतो. तोच चेचला गेलाय. पण लहानपणापासून हजारदा म्हटलेला एखादा शब्द न जुळवताच बाहेर पडतो. रोगी तो निवडत नाही.

कुणाच्या तोंडी देवाचं नाव उरतं, कुणाच्या शिवी. नत्थूच्या तोंडी जोहार उरला.

बाप मालगुजारापुढे, म्हणजे गावच्या जमीनदारापुढे, वाकून जोहार घालायचा, पोरालाही त्यानं तोच शिकवला. पुढे नत्थूनंच वस्तीत तो बंद पाडला. कुणी वाकलं की विचारायचा, "काऊन बे, कंबरेत उसण भरली का?" आता पाणी हवं तरी जोहार, राग आला तरी जोहार. सूर शाबूत होता, कारण सुराचं काम मेंदूची उजवी बाजू पाहते. त्यामुळे तानाबाईला तहान कुठली आणि राग कुठला ते कळायचं. बंडोपंत मालगुजारांना मात्र शब्दच हवा होता. मालगुजारी गेली होती, रुबाब राहिला होता. ओट्यावरून ते मुद्दाम विचारायचे, "काय नत्थू, बरं आहे ना?" उत्तर आलं की शेजारच्याला म्हणायचे, "पाहा, आला वळणावर."

आता साऱ्या गावासमोर, शपथ घेताना, तोच शब्द पडला तर?

"हासतीन तं हासतीन," तानाबाई म्हणाली. "तुमाले याचं हाय का नाई, येवढंच सांगा."

नत्थू थांबला. घडी घातलेल्या पांढऱ्या धोतराकडे पाहत राहिला. मग त्यानं होकाराची मान हलवली.

मैदानात पुढे उभ्या, शपथ सांगणाऱ्या माणसानं पहिली ओळ सांगितली. शेकडो आवाज उठले. नत्थूनंही तोंड उघडलं. सूर बरोबर लागला, शब्द तोच आला. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या.

"याची कंबर अजून वाकलेलीच हाय वाटते," कुणीतरी हसलं.

नत्थू निघाला. तानाबाईनं त्याचा उजवा हात धरला. त्या हातात हिसका द्यायचं बळ नव्हतं.

"तोंड मिटा अन् उभे राहा. मी दोघाईचं म्हन्तो."

ती प्रत्येक ओळ दोनदा म्हणू लागली. एकदा आपल्यासाठी, एकदा "मी नत्थू" असं म्हणून. साहजिकच ती मागे पडली. बाकीचे तिसऱ्या ओळीवर गेले तरी ती दुसरीवरच होती. तिनं घाई केली नाही. नत्थूचा जबडा घट्ट मिटलेला होता. डावी मूठ वळत होती, सुटत होती.

शपथ सांगणाऱ्या माणसानं मान उंचावून पाहिलं आणि हात वर केला. सगळं मैदान थांबलं. तानाबाई नत्थूची ओळ पुरी करत होती.