हुफूफच्या बागेतली टर्कीची शिकार

शुक्रवारी पहाटेची नमाज आटोपत होती तेव्हा आम्ही दम्माम सोडलं. गाडी मी चालवत होते, शेजारी माझा नवरा मिलिंद पेंगत होता आणि मागच्या सीटवर दोन धनुष्यं आडवी ठेवली होती. एक माझं. नाशिकला कॉलेजात असताना मी राज्यपातळीपर्यंत तिरंदाजी केली होती. दुसरं मिलिंदचं, हलकं, कारण तीन वर्षं माझ्याबरोबर तिरंदाजीच्या क्लबात येऊनही साहेब अजून नवशिकेच आहेत. मी तरी काय, पुठ्ठ्याच्या निशाण्याशिवाय आजवर कशालाही बाण मारलेला नव्हता.

आमंत्रण माझ्या पेशंटचं होतं. मी दम्मामच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. अबू नासिर सत्तरी ओलांडलेले, हुफूफजवळ त्यांची खजुराची बाग. गेल्या हंगामात घड उतरवताना ते झाडावरून पडले आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. दर सोमवारी ते दीड तासाचा प्रवास करून यायचे, मी हात उचलायची, ते छताकडे बघत दातओठ खायचे आणि कोपर खांद्याच्या खालीच अडायचं. शेवटी मीही हात टेकले. फाइल बंद करायची, याहून जास्त सुधारणा होणार नाही असं सांगायचं, एवढं ठरवलं. पण फोनवर सांगायला जीभ रेटेना. त्यातच ते म्हणाले, ‘‘बागेत एक दीक रूमी (टर्की, शब्दशः ‘रोमचा कोंबडा’) माजलाय. धनुष्य घेऊन ये, दुपारी तोच जेवू.’’ माझ्या तिरंदाजीचं त्यांना ठाऊक होतं. मी लगेच हो म्हटलं. तोंडावर सांगणं बरं, अशी मी माझी समजूत घातली.

रस्ताभर वाळू आणि तारेच्या कुंपणापलीकडे उंट. मग हुफूफ जवळ आलं आणि सगळीकडे खजुराची झाडंच झाडं दिसू लागली. खिडकी उघडली तर ओल्या मातीचा आणि लसूणघासाचा वास आला. मला एकदम गोदाकाठचे मळे आठवले. मिलिंद मात्र गाडीतून उतरला तो थेट पाण्याच्या पाटात. बूट, मोजे, सगळं चिंब.

‘‘अहलन! आधी पाय धुतलेस, छान केलंस,’’ अबू नासिर दारातूनच हसले. त्यांच्या पत्नी उम्म नासिर (नासिरची आई, इथे मोठ्यांना असंच मुलाच्या नावाने हाक मारतात) पुढे आल्या, माझ्या गालाला गाल लावला आणि गहवा (वेलदोडा घातलेली अरबी कॉफी) नि खजूर समोर ठेवले.

वसंतात या बागांमध्ये मोठी लगबग असते. नर झाडाचे तुरे काढून मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने बांधायचे, तेव्हा कुठे फळ धरतं. एक गडी कमरेला दोर बांधून उंच चढला होता आणि अबू नासिर खालून त्याच्यावर ओरडत होते.

‘‘पन्नास वर्षं वर होतो,’’ ते मला म्हणाले. ‘‘आता खाली उभा राहून नुसता ओरडतो. दुख्तूरा (डॉक्टरीणबाई), पुढच्या वसंतात मी चढेन ना?’’

मी गहव्याचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली, पण उत्तर टळलं.

दोन वर्षांपूर्वी खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि हा टर्की दोन माद्यांसह पळाला होता. आता तो झाडावर झोपायचा, रोपं उपटायचा आणि पकडायला जाणाऱ्याच्या अंगावर धावून यायचा. आम्ही चौघं गवताच्या गंजीमागे दबा धरून बसलो. त्याला बोलवायची युक्ती उम्म नासिरची होती. त्यांनी तोंडापुढे हात धरून लग्नात करतात तसा लांबलचक उलूलूचा गजर केला आणि झाडांमागून टर्कीने ताबडतोब गुडगुड करत उत्तर दिलं. मिलिंदने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

स्वारी आली. शेपटीचा पंखा फुलवलेला, चेहरा लाल-निळा, चाल अशी की बाग यांच्याच वडिलांची. पंधरा पावलांवर तो थांबला. मी बाण जोडला, दोरी ओढली.

‘‘थांब!’’ उम्म नासिर माझ्या कानाशी म्हणाल्या. ‘‘तू मारलास आणि सुरी पोचायच्या आत तो गेला, तर आम्हाला चालायचा नाही. बाण सोडणाऱ्याला तो अल्लाचं नाव घेऊन सोडावा लागतो, आणि सोडणाराही आमच्यापैकीच हवा.’’

मी दोरी सैल केली आणि टर्की झाडांमागे निघून गेला. नऊ वर्षं इथे राहते, हलालच्या दुकानातून चिकन आणते आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही! अबू नासिरांनाही आली नव्हती. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

‘‘यल्ला (चला),’’ बाई म्हणाल्या. ‘‘मग तुम्ही मारा.’’

माझं धनुष्य त्यांना झेपणारं नव्हतं. मी मिलिंदचं दिलं. डाव्या हातात ते धरायला शिकवलं, उजवी बोटं दोरीवर ठेवली आणि मागे उभी राहून त्यांच्या कोपराखाली माझा तळहात धरला. सोमवारी धरते तसाच. उम्म नासिरनी पुन्हा गजर केला. टर्की पुन्हा ऐटीत आला.

‘‘बिस्मिल्लाह,’’ ते पुटपुटले आणि दोरी ओढू लागले. माझ्या हातावरचं वजन कमी झालं. मग उरलंच नाही. कोपर माझ्या तळव्यावरून उठलं, खांद्याच्या रेषेत आलं, थोडं आणखी वर गेलं. माझा हात खाली मोकळाच राहिला.

बाण टर्कीच्या वीतभर वरून लसूणघासात गेला. टर्की घोर अपमान झाल्यासारखा ओरडत उडाला.

‘‘वारा आला,’’ अबू नासिर चिडून म्हणाले. ‘‘दुसरा दे!’’

गजर झाला की टर्की परत यायचा. दुसरा बाण चुकला, तिसराही. प्रत्येक वेळी कोपर वर गेलं आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. माझे डोळे भरले होते. मिलिंदने आपला रुमाल माझ्या हातात दिला.

जेवायला लाल हसावी भात होता (इथल्याच मातीतला, चवीला आपल्या कोकणच्या लाल तांदळाच्या जवळचा) आणि त्यावर मसाल्यात शिजलेली कोंबडी. ताट उचलायला मी स्वयंपाकघरात गेले.

‘‘कोंबडी एवढ्या लवकर कशी शिजली?’’ मी विचारलं.

‘‘कालच कापून घेतली होती,’’ उम्म नासिर म्हणाल्या.

‘‘म्हणजे मी मारलेला चालणार नाही, हे तुम्हाला कालपासून...’’

‘‘काल बोलले असते तर त्यांनी मुलाला बोलावलं असतं. मुलाने मारला असता आणि हे नुसते बघत बसले असते.’’ त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘तू सकाळी आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. काय सांगायला आली होतीस त्यांना?’’

‘‘सोमवारी अर्धा तास लवकर या,’’ मी म्हणाले. ‘‘काम वाढलंय.’’

त्यांनी माझ्या कपाळावर ओठ टेकले.

परतताना गाडी मिलिंदने चालवली, कारण मी वाटभर रडत होते आणि अधूनमधून हसतही होते. पुढच्या वसंतात अबू नासिर चढतील की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण जो माणूस दर सोमवारी माझ्यासमोर बसत होता, त्याला मी फक्त एवढंच विचारलं होतं, ‘‘किती दुखतंय?’’ याची मला मनापासून लाज वाटली.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहिल्या पेशंटचा गुडघा तपासण्याआधी मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, ‘‘बरं झाल्यावर तुम्हाला कुठे जायचंय?’’