सोळा आकड्यांची गाळणी

साल १९८७. कशेळ्याच्या दवाखान्यात आम्ही चौघे होतो: मालती सिस्टर, डोंगरातल्या वाडीवरून चालत आलेली सोमी, तिची आठ महिन्यांची मुलगी आणि मी. मुलगी साडेपाच किलोच्या खाली भरली, तर दुधाच्या पावडरीचा डबा मिळणार. वर भरली, तर बंद.

आमचा कुंभिवलीचा कारखाना वजनकाटे बनवायचा. लहान मुलांसाठीचा पहिला इलेक्ट्रॉनिक काटा मी ट्रायलला आणला होता. मूल पाय झाडतं आणि आकडा नाचतो. म्हणून आत डिजिटल फिल्टर होता, म्हणजे आकड्यांची गाळणी. माझं निम्मं आयुष्य स्प्रिंगच्या काट्यांत गेलेलं. हे मी चाळिशीत पुस्तकातून शिकलो. काटा सेकंदाला चार वेळा वजन घेतो आणि शेवटच्या सोळांची सरासरी दाखवतो. नवा आकडा आला की सर्वांत जुना टाकतो. एक वर, एक खाली, अशी थरथर आपसांत फिटून जाते.

पोरीला काट्याच्या ताटात ठेवलं. आकडा ५.६० वर थांबला. मला फार बरं वाटलं.

"सोमे, वाढली गं पोर," सिस्टर म्हणाल्या. "आता डबा नाय मिळायचा."

"कुठं वाढली, बाय? उचलाया तर हलकीच लागते."

बोलता बोलता तिने पदर सावरला. आकडा पायरी-पायरीने उतरू लागला. ५.५७, ५.५४, ५.५२. तिचा हात पुन्हा पोरीच्या पोटावर गेला आणि उतरणं थांबलं. तो हात सुरुवातीपासून तिथेच होता. थरथर सरासरीत जिरते. टेकलेला हात जिरत नाही, तो सोळाही आकड्यांत बसतो.

"हात काढ गं जरा," सिस्टर म्हणाल्या.

"नाय. पडंल ती."

"आमी हाय ना इथं!"

"तुमी हायसा. पण ती वळखते का तुमाला?"

यावर सिस्टरही हसल्या.

जीपमध्ये पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा होता, कर्जतच्या भातगिरणीत पोचवायचा. फिल्टर तोच. तो उतरवला आणि सोमीला पोरीसकट त्यावर बसवलं. ४६.३०. मग तिने पोर माझ्या हातात दिली आणि एकटी बसली. पोरीने माझ्या खिशातलं पेन मुठीत धरलं. खरंच हलकी होती. सोळा आकड्यांना चार सेकंद पुरतात. ४१.१५ आला, थांबला. तरी "झालं" म्हणायला मी थोडा उशीर केला.

वजाबाकी ५.१५.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी विचारलं, "फिल्टर वाढवावा लागेल का?"

"नको. आहे तो उत्तम आहे. चुकीचा आकडाही स्थिर करून दाखवतो. काट्याच्या ताटाला कडा उंच करा, म्हणजे आया हात काढतील."

कडा चार इंच वाढवल्या. डबा वजनाच्या दिवशीच सोमीला मिळाला होता. पेन मात्र पोरीने दिलं नाही.