ओजिमातलं आमचं एक मत

जपानातला तो निवडणुकीचा प्रचार फक्त बारा दिवसांचा होता, पण त्याचे किस्से काही संपत नाहीत. आमच्या मराठी ग्रुपमधले कोणीही दोघं भेटले, अगदी स्टेशनवर घाईत असले, तरी एक जण म्हणतो, "ते वडे आठवतात का रे?" आणि समोरची ट्रेन निघून जाते. आता कोणी उरायासुला राहायला गेलंय, कोणी इचिकावाला घर घेतलंय, कोणी पुण्याला परतलंय. आमचं प्रचाराचं ऑफिस एका बंद पडलेल्या लाँड्रीत होतं. तिथे आता नेल सलून आहे. जाता-येता मी अजून उगाच आत डोकावते.

उमेदवार होत्या कुनुगी-सान, आम्ही राहायचो त्या ओजिमा भागातल्या एका पाळणाघराच्या रिटायर्ड प्रमुख. आमच्यातल्या निम्म्या बायकांना जपानी त्यांनी शिकवलं, सरकारी फॉर्म भरून दिले, मुलांना ताप आला की आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. त्या संसदेच्या निवडणुकीला अपक्ष उभ्या राहिल्या म्हटल्यावर आम्ही सगळे न बोलावता हजर झालो.

गंमत अशी, की एवढ्या गोतावळ्यात मताचा अधिकार एकीलाच होता, मेधाला. तिने त्याच वर्षी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवसापासून साताऱ्याचे तिचे बाबा तिच्याशी बोलत नव्हते. रिटायर्ड हेडमास्तर, कडक माणूस. फोन वाजला की न बोलता तिच्या आईच्या हातात द्यायचे. मेधा हे आम्हाला हसत हसत सांगायची, पण तिकडे फोन लावायचं काही सोडत नव्हती.

*

पहिल्याच दिवशी सुलभाकाकू भला मोठा डबा घेऊन आल्या. काकू आमच्यात सगळ्यांत सीनियर, वीस वर्षं जपानात काढलेल्या. कार्यकर्ते म्हटले की वडे हवेतच, असा त्यांचा हिशेब. डबा उघडला, वास सुटला, आणि ऑफिस सांभाळणारे ओगावा-सान नियमांचं पुस्तक घेऊन धावत आले. प्रचारात खायला घालणं हा गुन्हा आहे म्हणे. फक्त चहा चालतो, आणि चहाबरोबर नेहमी देतात तेवढा किरकोळ खाऊ.

काकू म्हणाल्या, आमच्याकडे चहाबरोबर नेहमी हेच देतात. ओगावा-सान विचारात पडले. त्यांनी खरोखर निवडणूक कार्यालयात फोन लावला आणि वड्याचं वर्णन सुरू केलं. बटाटा, मग वरून पीठ, मग तेल, मग आतमध्ये मिरची. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण त्यांनी डबा बंद केला आणि वाकून माफी मागितली. डबा जसा आला तसा घरी गेला.

मतदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंच्या दाराची बेल वाजली. दारात ओगावा-सान, सूट घालून. म्हणाले, "आजपासून कायदा लागू नाही."

*

मग आम्ही घरोघरी जायचा प्लॅन केला. माझ्या नवऱ्याने, संदीपने, बिल्डिंगवार एक्सेल शीट केली, कोणी कुठला जिना घ्यायचा ते रंग देऊन दाखवलं. प्रोजेक्ट मॅनेजरच तो. ओगावा-सानांनी शीटचं मनापासून कौतुक केलं आणि सांगितलं की मतांसाठी कोणाच्याही दारी जाता येत नाही, तोही गुन्हा. मग करायचं काय, तर रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवायचा.

काकू दोन तास चौकात हात हलवून आल्या आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "मी प्रचाराला आलेय की ट्रॅफिक पोलिसात भरती झालेय?"

*

इथे पोस्टर कुठेही चिकटवत नाहीत. सरकारी फळ्यांवर आखलेले चौकोन असतात आणि कुठला चौकोन कोणाचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आम्हाला आला चौथा. ऑफिसातली जपानी मंडळी एकदम शांत झाली, कारण चार हा इथे फार अशुभ आकडा. आम्ही मात्र टाळ्या वाजवत होतो. चतुर्थीचा आकडा मिळालाय, आता विघ्न कसलं!

कुनुगी-सानांनी मला बाजूला घेऊन हा काय प्रकार आहे ते विचारलं. मी गणपती सांगितला, सोंडेसकट. दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरच्या भाषणात त्या म्हणाल्या, "मी चौथ्या चौकोनात आहे. काळजी करू नका, तिथे माझ्यासोबत एक हत्ती आहे." ओगावा-सानांनी पुस्तक उघडून पाहिलं. हत्तीबद्दल त्यात काही नव्हतं.

*

मला प्रचाराच्या गाडीत बसवलं होतं. पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवायचा आणि बाल्कनीत कोणी दिसलं की वाकायचं. आमच्याच बिल्डिंगखालून गाडी गेली तेव्हा माझा नऊ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर फुटबॉल खेळत होता. मी जोरजोरात हात हलवला. त्याने मित्रांच्या घोळक्यात मला अगदी वाकून, परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. संध्याकाळी मी जाब विचारला, तर जपानीत म्हणाला, "आई, तू तेव्हा ड्यूटीवर होतीस ना?"

*

आमच्या कुनुगी-सान पडल्या. चांगल्या मोठ्या फरकाने पडल्या. सोमवारी सकाळी त्या स्टेशनबाहेर एकट्या उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून नमस्कार करत होत्या. त्यांना पाहत थांबलो आणि आम्ही सगळे आपापल्या नोकरीवर उशिरा पोहोचलो. ज्यांनी पाडलं त्या माणसांनाही त्या वाकत होत्या, आणि ते पाहून मला रडू आवरलं नाही.

*

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती मतदानाची सकाळ. मेधाला मत द्यायला शाळेत जायचं होतं आणि तिला पोचवायला आम्ही अकरा जण निघालो. काकू पैठणी नेसल्या होत्या. गेटबाहेर आम्ही वऱ्हाडासारखे उभे. पाचच मिनिटांत ती बाहेर आली, कोणाशी काही बोलली नाही, आणि तिने तिथूनच साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

फोन आईने घेतला. मेधा मत देऊन आली, एवढं त्यांनी आत ओरडून सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि स्क्रीनवर बाबा आले. मेधाचा पासपोर्ट गेल्यावर पहिल्यांदाच. हेडमास्तरकीत त्यांनी कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळलेलं, बोटावर आधीची शाई नाही ना ते पाहूनच एकेकाला मत द्यायला पुढे सोडलेलं. ना कशी आहेस, ना काही. म्हणाले, "बोट दाखव."

"बाबा, इथे शाई लावत नाहीत. पेन्सिलीने नाव लिहायचं आणि चिठ्ठी पेटीत टाकायची."

"पेन्सिलीने? आणि कोणी खोडलं तर?"

"नाही खोडत कोणी."

फोन त्यांनी आईकडे परत दिला नाही. आम्ही अकरा जण गेटपाशी मेधाच्या फोनभोवती कोंडाळं करून उभे.

"तरी दाखव."

मेधाने डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. बाबांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, आणि ते कोरं बोट आधी पुढून, मग तिला वळवायला सांगून मागून, नीट तपासलं.

"शाई नाही," ते म्हणाले. "ठीक आहे. हो पुढे."