गच्चीवरची काळी साडी

निरूला बोट ओलं करून हवेत धरायची खोड होती. घरात पंखा चालू असताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. तर्जनी जिभेला लावायची, वर धरायची आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचं, "पूर्वेची आहे. ढील द्यावी लागेल." माझ्या आईला त्या बोटाची शिसारी यायची. मला तो पहिल्यांदा दिसला तोही तसाच, जयपूरच्या आदर्श नगरातल्या आमच्या जोडघरांच्या सामाईक गच्चीवर, एक बोट वर करून उभा.

त्याचे वडील विमा कंपनीत, माझे बँकेत. ते नागपूरचे, आम्ही साताऱ्याचे. परमुलखात भिंतीला भिंत लागून मराठी घर मिळालं म्हणून दोन्ही आयांनी पहिल्याच दिवशी भाजीच्या वाट्यांची देवाणघेवाण सुरू केली. निरू आणि मी बरोबरीचे. संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर चढतं, तेव्हा पतंग त्याचा आणि मांज्याची चकरी माझ्या हातात. "खेचून कापणारे ढीगभर आहेत," तो म्हणायचा, "ढील देऊन कापतो तो खरा."

जयपुरात संक्रांतीला काळं कुणी घालत नाही. आमच्या दोन घरांत घालायचे. निरूची आई, वैजूकाकू, काळी साडी नेसून जिन्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे कठड्यापर्यंत येणं नाही. शिवाय खाली गॅसवर दूध. मग वर पतंगाकडे बघायचं, मान वळवून जिन्याकडे बघायचं, पुन्हा वर. शेजारच्या गच्चीवरून महेंद्र विचारायचा, "आंटीजी, त्योहार के दिन काला?" काकू शांतपणे म्हणायच्या, "आमच्यात असंच असते."

पुढे निरू जगतपुऱ्याच्या इंजिनीयरिंग कॉलेजात गेला आणि अभ्यास सोडून कॉम्प्युटरवरच्या एका खेळाच्या नादी लागला. परदेशी कंपनीचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. त्यात हवे ते बदल करायला कंपनी स्वतःच अवजारं द्यायची. असे बदल करून हौशी लोक ते इंटरनेटवर फुकट ठेवत. त्याला मॉड म्हणतात, हे मला निरूने शिकवलं. याने काय केलं, तर मोटारी पार काढूनच टाकल्या आणि जयपूरच्या गच्च्या बसवल्या, पतंग, मांजा, वारा. मांज्याचा ताण बोटाला कळावा म्हणून तो खरा पतंग उडवायचा आणि तो सोडून धावत खाली येऊन आकडे बदलायचा. भर जूनमध्ये गच्चीवर पतंग उडवणारा माणूस म्हणून गल्लीत त्याची यथेच्छ चेष्टा झाली.

आणि त्या गच्च्यांवरची सगळी माणसं काळ्या कपड्यांत. जिन्याच्या दारात एक बाईही उभी केली होती, थेट काकूंसारखी. महेंद्र हसून लोळला. "अबे, ये कौन सा जयपुर है?" निरूच्या डोक्यातच आलं नव्हतं. संक्रांत म्हटली की त्याला काळंच दिसायचं. "राहू दे," तो म्हणाला, "मतलब, आमची गच्ची तर अशीच आहे ना."

मॉड गाजला. कंपनीतल्या कुणीतरी त्याखाली लिहिलं की आम्ही सगळे ऑफिसात हेच खेळतोय. झालं, निरू जमिनीवर राहिला नाही. असे मॉड करणाऱ्यांना कंपन्या नोकरी देतात, हे त्याने ऐकलं होतं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तो बसलाच नाही आणि वारा सुधारत बसला. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "याचं इंजिनीयरिंग पतंगात गेलं." काकू एवढंच म्हणाल्या, "बोलावतील ते त्याला. पाहून राहिले आहेत ना त्याचं काम."

बोलावणं आलं नाही. वर्षभराने कंपनीचा नवा खेळ आला. त्यात भारतातलं एक शहर, गच्च्या, पतंग, ढील देऊन कापायची तीच रीत. निरूने मला हाक मारून पडद्यासमोर बसवलं. गच्चीवर बायका काळ्या साड्यांत होत्या. जिन्याच्या दारात एक उभी होती. ती वर बघे, मान वळवून जिन्याकडे बघे, पुन्हा वर. "तिच्या खाली गॅसवर दूध आहे," निरू म्हणाला, "हे त्यांना कुणी सांगितलं?"

त्याने कंपनीला लिहिलं, काळ्या साडीचं सगळं समजावून लिहिलं. पैसा नको, फक्त नाव द्या, असं लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. निळ्या आकाशावर काळा रंग उठून दिसतो म्हणून आमच्या चित्रकारांनी तो निवडला, आणि कल्पना कुणाच्या मालकीची नसते. तेवढ्यावर भागलं नाही. ज्यांनी नवा खेळ आधी पाहिला ते खेळाडू निरूलाच चोर म्हणू लागले. त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं, मग कुणी उत्तरच देईना. एका दुपारी त्याने मॉड इंटरनेटवरून काढला आणि घरच्या कॉम्प्युटरवरूनही सगळं पुसलं. दारातून काकूंनी विचारलं, "माझी साडी पण पुसली का रे?"

"सगळं," तो म्हणाला. बोट ओलं करायची खोड तेव्हाच सुटली. मला ती खोड कधी आवडली नव्हती, पण ती सुटलेली बघवत नव्हती.

तो जगतपुऱ्यातच एका क्लासमध्ये टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवू लागला. त्या कंपनीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. दोन-तीन वर्षांनी वैजूकाकू हार्ट अटॅकने अचानक गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा काका बाहेरच्या खोलीत फोटोला हार घालत होते. घरात व्हिडिओ कॅमेरा कधीच नव्हता. काकूंचे होते ते चार लग्नांतले ताठ उभे फोटो.

निरू आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होता. पडद्यावर तोच खेळ. कंपनीचा, विकत आणलेला. खेळातला पतंग जमिनीवर पडला होता आणि निरूचे हात मांडीवर होते. जिन्याच्या दारात काळ्या साडीतली बाई उभी होती.

"माझ्याकडे काहीच ठेवलं नाही मी," तो म्हणाला. "त्यांच्याकडेच आहे."

बाईने वर बघितलं. मग मान वळवली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"बघ," तो म्हणाला, "दूध बघते आहे."